पावसाआधीची कामे: डिचोलीतील एका घराच्या नोंदी

१८ एप्रिल

घर चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे. सोपा आणि माजघर मंगळुरी कौलांखाली, मागे नंतर वाढवलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या. माणसे पाच. पावसाळ्यात कपड्यांना वास, चामड्याला बुरशी, तांदळात पोरकिडे आणि कुलपांना गंज, ही दरवर्षीची रड. ती कमी करायची आणि त्यासाठी नेमके काय विकत घ्यायचे, काय घ्यायचे नाही, ते ठरवायचे.

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिमी पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. डोक्यावर पडणारा पाऊस कौले-पन्हळी अडवतात. खरा त्रास हवेतल्या ओलीचा. म्हणून आधी हिशेब मांडला. २८ अंशांची हवा पूर्ण भिजली तर एका घनमीटरमध्ये साधारण २७ ग्रॅम पाणी धरते. आर्द्रता ९० टक्क्यांवरून ६० वर आणायची तर घनमीटरमागे सुमारे ८ ग्रॅम पाणी काढावे लागते. मागची खोली ३ × ३.५ × ३ मीटर, म्हणजे ३१ घनमीटर. दारे-खिडक्या लावूनही फटींमधून तासाला एकदा हवा बदलते असे धरले, तरी तासाला पाव लिटर, दिवसाला ६ लिटर पाणी फक्त बाहेरून आत येणाऱ्या हवेचे. कौलांखालच्या खोलीत हवा याच्या कितीतरी पट खेळते. तिथे आर्द्रता कमी करायचे यंत्र लावणे म्हणजे आख्ख्या डिचोलीची हवा सुकवायला बसणे.

उलट लोखंडी कपाट १.८ × ०.९ × ०.५५ मीटर, म्हणजे ०.९ घनमीटर. त्यातून काढायचे पाणी ७-८ ग्रॅम. दीड चमचा.

तेव्हा ठरले ते असे: खोल्या वाऱ्यावर सोडायच्या, आणि कोरडी ठेवायची ती कपाटे, पिंपे आणि डबे. दहा-पंधरा हजारांचे यंत्र यादीतून बाद. एका निजायच्या खोलीत एसी आहे. अगदीच गरज पडली तर तो ‘ड्राय’वर चालवू.

आजची खरेदी: काट्याऐवजी आकडे दाखवणारी छोटी आर्द्रतामापके तीन, प्रत्येकी तीनशेच्या आसपास.

१९ एप्रिल

मापके तपासली. स्वस्त मापक पाच-सात टक्क्यांनी सहज चुकते, त्यामुळे ही तपासणी टाळू नये. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधे मीठ, त्यात थेंब थेंब पाणी, ओल्या वाळूसारखे होईपर्यंत. वर पाणी तरंगता कामा नये. झाकण आणि मापक झिपच्या पिशवीत एकत्र बंद करून रात्रभर ठेवायचे. ओल्या मिठावरच्या बंद हवेची आर्द्रता ७५ टक्के असते, त्यामुळे मापकाने ७५ दाखवले पाहिजे. एक ७४, एक ७८, एक ७१. पाठीवर पट्टी चिकटवून ‘३ वजा’, ‘४ मिळवा’ असे लिहून टाकले.

याच आकड्यावरून आणखी एक गोष्ट निकालात निघते. कपाटात वाटीभर मीठ ठेवण्याचा उपाय सगळीकडे सांगतात. मीठ हवेतली ओल ओढते ती ७५ टक्क्यांच्या वर. त्याखाली ते काहीच करत नाही, आणि बुरशी ६५-७० पासूनच मूळ धरते. डांबरगोळ्या आणि कापूर किड्यांना पळवतात, वास झाकतात. ओलीशी त्यांचा संबंध नाही.

२५ एप्रिल

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीचे, बरेचसे सामान आले. उकडे तांदूळ ५० किलो, हरमलची सुकी मिरची, सोलां (सुकवलेले कोकम), कांद्याच्या माळा, सुके बांगडे, गालमो (सुकी बारीक कोळंबी). मे अखेरपर्यंत थांबले तर भाव चढतात आणि ऊनही भरवशाचे राहत नाही. २०२५ साली मान्सून केरळात २४ मेलाच उतरला होता. नेहमीची तारीख १ जून. मिरची-मासळीला चार कडक उन्हे द्यायची तर एप्रिलच बरा.

तांदूळ. ५० किलोचे एक पिंप नको, रबरी कडी आणि पट्टीचे कुलूप असलेली २५ किलोची दोन प्लास्टिक पिंपे घ्यावीत. पोरकिड्याची अंडी दाण्याच्या आतच असतात आणि उष्ण हवेत महिनाभरात नवी पिढी बाहेर येते. गच्च भरलेल्या, हवाबंद पिंपात प्राणवायू संपत जातो आणि त्यांची वाढ खुंटते. अर्धे रिकामे, रोज उघडणारे मोठे पिंप त्यांना हवेच असते. म्हणून एक पिंप वापरात, दुसरे जुलैपर्यंत सीलबंद. तांदूळ उन्हात घालू नये: दाणा चिरतो आणि शिजताना मोडतो. सावलीत पसरून, पाखडून, चाळून भरला. कडुलिंबाचा पाला घालायचा असेल तर तो हातात चुरला जाईल इतका वाळलेला हवा, नाहीतर आपणच पिंपात ओल भरतो. बाजारात मिळणाऱ्या धान्यात घालायच्या विषारी गोळ्या घरात आणूच नयेत. त्यातून निघणारा वायू बंद खोलीत माणसे मारतो.

रवा, मैदा, बेसन थोडे थोडे आणावे. आणले की आधी चार दिवस फ्रीझरमध्ये, मग पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची आणि नंतर डब्यात. थंड पिशवी लगेच उघडली तर पिठावर दव धरते आणि गुठळ्या होतात.

मिरची बिया खुळखुळेपर्यंत तापवून, सावलीत निववून, मग बरणीत. गरम भरली तर झाकणाला पाणी सुटते. सोलां आणि खारवलेली मासळी यांत मीठ असल्यामुळे ती ७५ टक्क्यांच्या वर आपोआप पाणी ओढतात. जुलैत सुका बांगडा चिकट होतो तो याचसाठी. त्यांना काचेची किंवा चिनी मातीची बरणी. स्टीललाही आंबट-खारट चालत नाही, ठिपके पडतात. मासळी दोन-दोन वेळच्या पुड्या करून मोठ्या बरणीत ठेवली, म्हणजे एक पुडी काढताना बाकीच्या उघड्या पडत नाहीत.

कांदा मात्र उलटा. त्याला वारा हवा. माळा स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ दांड्याला, एकमेकींना न चिकटता. बटाटे दुसरीकडे.

२ मे

कपाटांचे काम. सगळ्या कामांत याला महत्त्व जास्त, आणि तारखेलाही.

सुती कपडा ६५ टक्के आर्द्रतेत आपल्या वजनाच्या साधारण ७-८ टक्के पाणी धरतो, ९० टक्क्यांत १३-१४. कपाटात २० किलो कपडे असतील तर दोन्हींतला फरक किलोभराहून जास्त पाण्याचा. म्हणजे कपाटातली हवा सुकवायला ८ ग्रॅम, पण जुलैत आत ठेवलेले कपडे सुकवायला १२०० ग्रॅम. कपाट मे महिन्यात, दुपारी, उन्हातून काढलेल्या कपड्यांनी भरून बंद केले तर कपडेच पुढे ओलीविरुद्ध कोठार होतात. पाऊस सुरू झाल्यावर हेच काम केले तर रसायनाचे चार डबे घालूनही निभाव लागत नाही.

क्रम असा ठेवला. कपाट रिकामे, आतून साबणपाण्याच्या घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसले, दिवसभर उघडे. कपडे दोन तास उन्हात, मग तासभर सावलीत. दाराच्या कडेला ९ मिमी रुंद, ५ मिमी जाड फोमची चिकटपट्टी. लोखंडी कपाटाला खालची कड विसरतात, तिथूनच सर्वांत जास्त हवा येते. मागच्या बाजूची वायरसाठीची भोके टेपने बुजवली. कपाट बाहेरच्या भिंतीपासून ८ सेंमी पुढे ओढले, कारण चिरा पाणी पितो आणि भिंतीला टेकलेल्या पाठीवर गंज धरतो.

ओल ओढायला कॅल्शियम क्लोराईड. दुकानात तयार डबे मिळतात. सुटे दाणे रसायनांच्या दुकानात स्वस्त पडतात. घरी करायचे तर प्लास्टिकचे दोन डबे एकात एक: वरच्याच्या तळाला खिळ्याने भोके, त्यावर जुन्या साडीचा तुकडा, त्यावर ३०० ग्रॅम दाणे. पाणी खालच्या डब्यात जमते. वरच्या डब्याच्या तळाखाली किमान ६ सेंमी जागा हवी. धातूचा डबा अजिबात नको. जमलेले पाणी म्हणजे दाट क्षार. सांडले तर सुकत नाही, कपडा तेलकट लागतो, चामडे आकसते, लोखंड खाऊन टाकते. सांडलेच तर भरपूर पाण्याने धुवायचे, नुसते पुसून भागत नाही. म्हणून डबा कपाटाच्या तळाला, कोपऱ्यात, मुलाचा हात पोचणार नाही असा. भरलेले पाणी संडासात, वर बादलीभर पाणी. झाडांना घालू नये.

कागदपत्रे, पासपोर्ट, दागिन्यांच्या पावत्या, जुने फोटो: झिपच्या पिशव्या, त्या रबरी कडीच्या डब्यात, सोबत १०० ग्रॅम सिलिका जेल. नारंगी दाण्यांचे घ्यावे, ओले झाले की हिरवे होतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असते, ते स्वयंपाकघराजवळ नको. पुन्हा वापरायला ओव्हनमध्ये ११० अंशांवर दोन तास.

१० मे

कौले. दुपारी बारा-एकला माजघराची दारे-खिडक्या लावून अंधार केला की फुटके कौल आपोआप दिसते: उन्हाची टाचणीएवढी तिरीप. खालून खडूने वाशावर खूण, मग कौले चाळणाऱ्याला वर चढवायचे. त्याला ‘गळते कुठेतरी’ म्हणून सांगितले तर अर्धे छप्पर उगाच हलते आणि हललेली कौले नवी गळती काढतात.

पन्हळीला मीटरमागे ५ मिमी उतार. दोरी आणि पाण्याची लेव्हल लावून पाहिले. पन्हळ धरणारा मधला आकडा खाली बसला होता, वळवून घेतला. उतार नसलेल्या पन्हळीत पाणी साचते आणि डास होतात. तोंडाला तारेची जाळी, नाहीतर माडाच्या फुलोऱ्याचा कचरा सगळा नळीत जाऊन बसतो.

नैऋत्येच्या भिंतीला विणलेल्या चुडतांचा (माडाच्या झावळ्यांचा) आडोसा, भिंतीपासून १० सेंमी सोडून. निळी ताडपत्री भिंतीला चिकटवून बांधली तर मागे वारा खेळत नाही आणि चिरा सुकतच नाही.

१२ मे

दारे. फुगलेले दार पावसात रंधून घ्यायचे आणि फेब्रुवारीत बोटभर फट बघायची, हा प्रकार थांबवायचा. लाकूड पाणी पिते ते मुख्यतः उभ्या फळ्यांच्या तोडलेल्या टोकांतून, म्हणजे दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेतून, आणि नेमक्या त्याच दोन कडा रंगारी कोऱ्या सोडतो, कारण त्या दिसत नाहीत. मेस्ताला (सुताराला) बोलावून न्हाणीघराचे आणि मागचे दार बिजागऱ्यांतून काढले. खालची-वरची कड पॉलिश पेपरने घासून एक हात प्रायमर, दोन हात ऑइलपेंट, मध्ये पूर्ण एक दिवस. कडीच्या बाजूने फक्त २ मिमी रंधा. बिजागऱ्यांना खोबरेल. कुलपाच्या भोकात मात्र तेल नको, तेलाला धूळ चिकटून चिखल होतो. शिसपेन्सिलीचे टोक किसून ती पूड किल्लीला लावून फिरवली.

१६ मे

कपडे वाळवणे. कौलाखालच्या मागच्या पडवीत दोरी-पुलीची सहा नळ्यांची स्टीलची मांडणी, ६ फुटी. बाजारात दीड ते तीन हजार. प्रत्येक नळी वेगळी खाली येते, त्यामुळे वयस्क माणसाला हात वर करावे लागत नाहीत. घ्यायचे खरे कारण हेच.

बसवताना दोन गोष्टी. सोबत येणारे प्लास्टिकचे गट्टू स्लॅबसाठी कसेबसे चालतात, वाशासाठी नाही. पडवीत आडवी ३ × २ इंचाची पट्टी तुळयांना बोल्टने आवळली आणि तिला स्क्रू मारले. ओल्या चादरींसह एका नळीवर ४-५ किलो येते, सहांवर पंचवीस-तीस. दुसरे, दोरी अडकवायची पाटी जमिनीपासून ४ फुटांवर, मुलाच्या खेळण्याच्या वाटेत नाही.

वाळण्याचा वेग ठरतो मशीनमध्ये. मिनिटाला हजार फेऱ्यांवर पिळलेल्या ६ किलो कपड्यांत साडेतीन लिटरच्या आसपास पाणी राहते, १४०० वर तीन लिटर. सातशे फेऱ्यांच्या मशीनला दुसऱ्यांदा नुसते पिळून घेणे हा पैसे न लागणारा उपाय, पाच मिनिटांचा. हे तीन-साडेतीन लिटर निजायच्या खोलीत वाळवले तर सगळे तिथल्याच हवेत जाते. म्हणून पडवी, आणि खाली उभा पंखा, वर तोंड करून. पाऊणशे टक्के ओल असलेली हवासुद्धा हलती असली तर कपडे वाळवते.

टांगण्याची पद्धत: दोन कपड्यांत चार बोटे जागा, शर्ट हँगरवर, जीन्स उलटी करून कमरेला चार चिमटे लावून गोल उघडी. टॉवेल दुमडून नाही.

२३ मे

वीज. इन्व्हर्टरची बॅटरी १५० अँपिअर-तास, १२ व्होल्ट, म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. शिशाच्या बॅटरीतून रोज पूर्ण उपसा केला तर ती लवकर मरते. हजार वॉट-तास धरून चालावे. जुने दोन पंखे ७५ वॉटचे, चार ९ वॉटचे दिवे, वायफाय १०: एकूण १९६, इन्व्हर्टरची गळती धरून २४५. चार तास. तेच दोन पंखे ३० वॉटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घेतले तर १०६, गळतीसह १३० च्या आसपास, साडेसात तास. दुसरी बॅटरी घेण्यापेक्षा दोन पंखे बदलणे स्वस्त पडले.

बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर, पूर्ण चार्ज झाल्यावर, दोन खुणांच्या मध्ये. टोकांवरची पांढरी-हिरवी पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, सुकवून, व्हॅसलीन. बॅटरी बंद कपाटात नको, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो.

मुख्य फळीवरच्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचे, म्हणजे गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचचे, ‘टी’ बटण दाबले. फट्कन पडला पाहिजे. पावसात तो सारखा पडत असेल तर दोष बहुधा गीझर, विहिरीचा पंप किंवा अंगणातला दिवा यांत. एकेक एमसीबी बंद करून शोधताना फसगत होते, कारण साधी एमसीबी फक्त फेज तोडते आणि न्यूट्रलमधली गळती तशीच राहते. प्लगच उपसून काढायचे. कायमचे जोडलेले असेल तर वायरमन. आरसीसीबीला बगल देऊन जोडणारा वायरमन पुन्हा बोलावू नये.

७ जून

पाऊस बसला. सोप्यात ८८, पडवीत ९१, कपाटात ५८. तिरीप नाही, गळती नाही.

२७ जून

कपाटात ६१ ते ६४. कॅल्शियम क्लोराईडचे दाणे तळाशी विरघळले आहेत, वरचे अजून कोरडे. दारे दिवसातून एकदाच उघडायची म्हणून रोजचे कपडे बाहेरच्या उघड्या रॅकवर ठेवले. हे न केले तर डबा दुप्पट वेगाने भरतो. रॅकवरच्या कपड्यांना वास येत नाही, कारण ते तिथे आठवड्याहून जास्त राहतच नाहीत.

टॉवेलांना कुबट वास. हा बुरशीचा नसतो. धाग्यांत राहिलेला साबण, मळ आणि त्यावर वाढणारे जंतू. मऊपणाचे द्रव बंद केले, ते धाग्यावर थर धरते. ६० अंशांचे पाणी, बादलीला दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा, तासभर भिजत, मग नेहमीसारखे धुणे. रंगीत टॉवेल पहिल्यांदा वेगळा भिजवावा.

१९ जुलै

न्हाणीघराच्या टाइल्सच्या सांध्यांत काळे. ४-५ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट, एक भाग त्याचे, दहा भाग पाणी, दहा मिनिटे ठेवून घासले. खिडकी उघडी, हातमोजे. यात व्हिनेगर, ॲसिड किंवा अमोनियाचे काही मिसळायचे नाही. त्याच दिवशी, त्याच जागेवरही नाही. क्लोरीनसारखे विषारी वायू सुटतात.

लाकडावर ब्लीच कुचकामी: वरचा रंग जातो, आत मूळ राहते. लाकडी देव्हाऱ्याला साबणाच्या ओलसर फडक्याने पुसून, पंख्याखाली सुकवून, मग पांढरे व्हिनेगर. कोरड्या ब्रशने घरात झाडले तर बीजाणू सगळ्या खोलीत उडतात. भिंतीवर बुरशीवरून रंग मारणे म्हणजे रंगाचे पैसे वाया.

तांदळाचे दुसरे पिंप उघडले, स्वच्छ. कपाटातले डबे रिकामे करून कॅल्शियम क्लोराईडचे नवे दाणे भरले.

९ ऑगस्ट

उघडीप. ऊन पडले की कपाटे उघडायचा मोह होतो. आधी मापक बघावे: दुपारी दोनला बाहेर ७६, आत ६३. उघडले नाही. अंथरुणे, उशा, पायपुसणी मात्र उन्हात काढली. बूट वर्तमानपत्राचे बोळे भरून. बोळे संध्याकाळी बदलले नाहीत तर तेच ओल परत देतात.

दर रविवारी सकाळी पाणी साचणाऱ्या जागा: कुंड्यांच्या ताटल्या, फ्रीजमागची तबकडी, पन्हळ, ताडपत्रीच्या घड्या. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत सात-दहा दिवस लागतात, त्यामुळे वार ठरलेला हवा आणि तो चुकता कामा नये.

२२ ऑगस्ट

चवथीच्या आधी माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचे) आकडे तपासायचे आहेत. तुळईतले दोन गंजले आहेत; नारळ, सुपारीची शिपटी, तोरिंजन आणि भोपळे मिळून चौकट जड होते. ते काढून ८ मिमी सळीचे नवे, आरपार बोल्ट आणि वर वॉशर लावून. नुसत्या आट्यांचा आकडा पावसात मऊ पडलेल्या लाकडातून सुटतो. मेस्त मंगळवारी येईल. कपाटाच्या दाराची फोमपट्टी बिजागरीच्या बाजूला चपटी झाली आहे, तेवढीच एक मीटर बदलायची.